नीरेच्या पाण्याची वाटणी शिकवणारे विश्वेश्वरय्या

आषाढात ज्ञानोबा माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्कामाला येते, त्या दिवशी गावातील प्रत्येक घराला एकच मोठी काळजी असते, ती पाण्याची. भाकरी-पिठले कोणीही आनंदाने करते. पण एवढ्या माणसांना प्यावयास, हातपाय धुवावयास पाणी पुरवणे ही सोपी गोष्ट नव्हे. एका दिवसाची ही काळजी आपल्या तालुक्याने पिढ्यान्‌पिढ्या वर्षभर वाहिली आहे. सोलापूर जिल्ह्यात सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही आपल्या मर्जीने पडतो. अशा मुलखात पाणी वाचवावयाचे कसे आणि सर्वांना वाटून द्यावयाचे कसे, हे शास्त्र शिकलेल्या एका थोर पुरुषाची ओळख मंडळाच्या भगिनींना करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे दिवाण, कृष्णराजसागराचे निर्माते, भारतरत्न म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांचे कॉलेजचे शिक्षण पुण्यास झाले, त्यांच्या नोकरीची चोवीस-पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली, आणि ज्या नीरा नदीच्या पाण्यावर आपला माळशिरस तालुका हिरवा झाला त्याच नदीच्या डाव्या कालव्यावर त्यांनी पाणीवाटपाची नवी रीत घालून दिली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६०-६१ च्या सुमारास, १५ सप्टेंबर रोजी, म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी नावाच्या लहानशा खेड्यात झाला. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृताचे पंडित होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. लहानपणीच वडील वारले आणि संसाराचा भार आईवर, वेंकटलक्ष्मम्मांवर पडला. मुलाचे शिक्षण थांबवून त्याला कोठे तरी चाकरीस लावणे ही त्या काळची रूढ वाट होती. ती वाट ह्या माउलीने धरली नाही. बंगलोरला मामा रामय्या होते. त्यांच्या आधाराने मुलगा तेथे शिकू लागला. सेंट्रल कॉलेजात असताना एका कुटुंबातील मुलांची शिकवणी करून त्याने आपला खर्च भागवला.

ह्याच सुमारास, १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत, दख्खनवर आणि म्हैसूरवर महादुष्काळ कोसळला. आपल्या सोलापूर जिल्ह्याची त्यात फार वाताहत झाली आणि म्हैसूर संस्थानात तर लाखो माणसे दगावली. तो दुष्काळ ऐन विद्यार्थिदशेत पाहिलेल्या पिढीतले विश्वेश्वरय्या होते. पुढे आयुष्यभर त्यांनी पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब मांडला, तो वाचताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१८८१ साली ते बी. ए. झाले. गणितात त्यांची बुद्धी विशेष चाले. प्राचार्य चार्ल्स वॉटर्स ह्यांचा त्यांच्यावर लोभ होता. त्यांच्या शिफारशीवरून आणि दिवाण रंगाचार्लू ह्यांच्या कृपेने म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा कानडी तरुण पुण्यास आला.

पुण्याच्या ज्या कॉलेजात ते दाखल झाले त्याची हकिकत जाणून घेण्याजोगी आहे. १८५४ साली सरकारी बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करण्याकरिता तेथे एक वर्ग सुरू झाला. मुळा-मुठेच्या संगमाजवळ त्याची इमारत उभी राहिली. पुढे त्याला शेतकी आणि जंगल खात्यातील उमेदवारांचे वर्ग जोडले गेले, म्हणून त्याचे नाव कॉलेज ऑफ सायन्स असे ठेवण्यात आले. म्हणजे नदीचे पाणी, शेताची माती आणि डोंगरावरचे रान ह्या तिन्हींचा अभ्यास एका आवारात होत असे. आज आपण ज्याला नैसर्गिक साधनसंपत्तीचे शिक्षण म्हणतो त्याचे हे आपल्या प्रांतातले एक जुने घर. शेतकीचे शिक्षण पुढे वेगळ्या कॉलेजात गेले, १९११ साली ह्या संस्थेचे नाव इंजिनियरिंग कॉलेज झाले आणि २०२२ पासून ती तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून चालते आहे.

तेथे विश्वेश्वरय्यांनी स्थापत्याचा अभ्यास केला. पाण्याचा दाब, बांधाची जाडी, कालव्याचा उतार, मातीची धारणा हे सारे विषय त्यात आले. १८८३ साली परीक्षेत ते इलाख्यात पहिले आले आणि मानाचे जेम्स बर्कले पारितोषिक त्यांना मिळाले. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास सरकारी नोकरी मिळत असे; त्याप्रमाणे १८८४ मध्ये ते सहायक इंजिनियर म्हणून मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले.

पहिली नेमणूक नाशिकची आणि काम खानदेशातले. धुळ्याच्या बाजूस पांझरा नदीच्या पाटाचे पाणी एका ओढ्यापलीकडे न्यावयाचे होते. नळाचा सायफन टाकून ते नेण्याचे काम ह्या नवशिक्या अधिकाऱ्याकडे आले आणि ऐन पावसाळ्यात आजारपण सोसून त्यांनी ते पुरे केले. पुस्तकात शिकलेले गणित आणि ओढ्याचा चिखल ह्यांची गाठ तेथे पडली.

दहा वर्षांनी त्यांना सिंधमध्ये सक्कर शहराला पाणी पुरवण्यासाठी पाठवण्यात आले. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीचे पाणी गढूळ आणि नगरपालिकेजवळ मोठे गाळणीघर बांधण्यास पैसा नाही, अशी अडचण होती. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि वाळूतून झिरपून आलेले निवळ पाणी वर चढवून शहरास दिले. आपल्याकडे बायका नदीच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीने स्वच्छ पाणी भरत असत. तीच युक्ती शास्त्राने मोठ्या प्रमाणावर केली तर कशी दिसते, ते सक्करला दिसले.

१८९६ पासून ते पुण्यास होते आणि १८९९ साली पुणे भागाच्या पाटबंधाऱ्यांचे ते कार्यकारी इंजिनियर झाले. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले ह्यांच्या सहवासात त्यांचे विचार ह्या काळात घडले. १८९८ साली रजा घेऊन ते जपानला जाऊन आले. तेथे शिक्षण सामान्य घरांपर्यंत कसे पोचवले जाते हे त्यांनी पाहिले आणि ती गोष्ट त्यांच्या मनात कायमची ठसली.

खडकवासल्याच्या तलावावर ह्याच काळात त्यांनी केलेले काम फार प्रसिद्धीस आले. तो तलाव दर पावसाळ्यात भरे आणि वरचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई. उन्हाळ्यात मात्र पुणे शहर आणि कालव्याखालची शेते तहानलेली असत. धरणाची भिंत वाढवावी तर खर्च मोठा आणि जुन्या भिंतीवर भारही अधिक. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी लोखंडी दारे बसवण्याची योजना काढली. पाणी नेमलेल्या पातळीपर्यंत चढले की दार आपसूक उघडे आणि पातळी उतरली की आपसूक बसे. १९०३ साली ही दारे बसली. भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे आठ फूट उंचावली आणि साठा जवळजवळ पाव हिश्शाने वाढला. ह्या युक्तीचे पेटंट त्यांच्या नावे झाले होते. परंतु सरकारी काम करीत असता सुचलेल्या गोष्टीचा मोबदला सरकारकडून घेणे त्यांना रुचले नाही आणि त्यांनी तो नाकारला.

आता नीरेकडे वळू. १८७६ च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी नीरेच्या डाव्या कालव्याचे काम निघाले आणि १८८५ च्या सुमारास त्याला पाणी आले. पुरंदर, बारामती, इंदापूर ह्या बाजूस हे पाणी जाई. दुष्काळासाठी काढलेला कालवा, परंतु थोड्याच वर्षांत निराळेच चित्र दिसू लागले. ज्याचे शेत कालव्याच्या तोंडाशी, तो मनमुराद पाणी घेई आणि बारमाही ऊस लावी. खाली शेवटास असलेल्या गावांपर्यंत पाणी पोचेपोचेतो ते संपून जाई. वरच्या शेतांतही सुख नव्हते. पाण्याचा निचरा न झाल्याने जमिनी पाणथळ होत, पांढरे क्षार वर येत, पिकाऊ रान चोपण होई आणि हिवतापही पसरे. एकाला अती झाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही, अशी दोघांचीही हानी होत होती.

१९०१ साली हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने एक आयोग नेमला. विश्वेश्वरय्यांनी त्यापुढे साक्ष दिली आणि पुढे ब्लॉक पद्धत म्हणून ओळखली गेलेली योजना मांडली. तिचे सार कोणाही गृहिणीस सहज पटेल. घरात साखर थोडी असेल तर पहिल्या पंगतीला ती वाढून संपवावयाची नसते. शेवटच्या पानापर्यंत पुरेल असा हात ठेवावा लागतो. त्यांनी सुचवले की प्रत्येक गावात चांगल्या, निचऱ्याच्या जमिनीचे ठराविक पट्टे आखावेत. त्या पट्ट्यांना काही वर्षांच्या कराराने पाण्याची हमी द्यावी, म्हणजे शेतकऱ्याला निर्धास्तपणे पैसा घालता येईल. पट्ट्यातल्या साऱ्या जमिनीत ऊस न लावता एका हिश्शात ऊस आणि बाकीच्यात कमी पाण्याची पिके घ्यावीत आणि तीन वर्षांच्या पाळीने ती फिरवावीत. ह्याने तेच पाणी अधिक गावांना मिळेल, जमिनीला विसावा मिळेल आणि पाणी मोजून दिले जाईल.

शेतकऱ्यांना प्रथम हे मानवले नाही. हाताशी असलेले पाणी सरकार आखडते घेत आहे असे वाटणे स्वाभाविक होते. विश्वेश्वरय्यांनी समजुतीचा मार्ग धरला, आकडे पुढे ठेवले आणि नीरा कालव्यावर ही पद्धत सुरू झाली. पुढे दख्खनच्या इतर कालव्यांवरही तिचा अवलंब झाला. मात्र ती सर्व दुखण्यांवर रामबाण ठरली असे म्हणता येणार नाही. उसाचा पैसा मोठा, पाण्याचा मोह त्याहून मोठा. डाव्या कालव्याखालच्या पुष्कळ जमिनी त्यानंतरही पाणथळ आणि क्षारयुक्त होत राहिल्या. वाटपाचा नियम लिहिणे इंजिनियराच्या हाती असते, तो पाळणे गावाच्या हाती असते, हा धडा त्यातून निघतो.

१९०७ पर्यंत ते अधीक्षक इंजिनियरच्या जागेवर चढले. त्याआधी एडनला जाऊन तेथील पाणीपुरवठ्याची योजना त्यांनी आखून दिली होती. परंतु खात्यातल्या सर्वांत वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांसाठीच ठेवल्यासारख्या होत्या. विश्वेश्वरय्यांनी मुदतीपूर्वीच नोकरी सोडली.

१९०८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला आणि हजारो माणसे बुडाली. निजाम सरकारने सल्ल्यासाठी विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगास मुसी आणि तिची उपनदी ईसी ह्यांवर मोठे तलाव बांधून पुराचे पाणी तेथेच थोपवावे असे त्यांनी सुचवले. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. ज्या पाण्याने शहर बुडवले तेच अडवून शहराला पाजण्याची सोय झाली.

१९०९ च्या अखेरीस म्हैसूरने त्यांना मुख्य इंजिनियर म्हणून परत बोलावले. १९११ साली कावेरीवर कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. सिमेंट महाग असल्याने चुना आणि विटांची भुकटी ह्यांच्या सुरकीत ते बांधण्यात आले आणि पुरे होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. १९१२ ते १९१८ ह्या काळात ते संस्थानचे दिवाण होते. हेब्बाळची शेतकी शाळा, म्हैसूर बँक, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, १९१७ चे बंगलोरचे इंजिनियरिंग कॉलेज, ह्या सर्वांमागे त्यांचा हात होता. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने दुसऱ्यांसाठी कॉलेजे काढली, हे विशेष.

थोर माणसाच्या चरित्रात मतभेदाची जागा झाकून ठेवू नये. ब्राह्मणेतर समाजाला नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात असा विचार म्हैसूरच्या महाराजांनी पुढे नेला तेव्हा विश्वेश्वरय्यांना तो पटला नाही. गुणवत्तेखेरीज दुसरी कसोटी लावू नये असे त्यांचे मत होते आणि त्यांनी दिवाणगिरी सोडली. आपल्याकडे करवीरच्या शाहू महाराजांनी १९०२ सालीच अशा जागा राखून ठेवल्या होत्या. ज्यांच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरीच दिसली नाही त्यांच्या मुलांना वरच्या शेतातला आणि खालच्या शेतातला फरक चांगला कळतो. पाण्याच्या बाबतीत शेवटच्या शेताचा विचार करणाऱ्या ह्या पुरुषाला विद्येच्या आणि नोकरीच्या बाबतीत तोच विचार मानवला नाही, ही नोंद आपण आदर ठेवूनही केली पाहिजे.

पुढची चाळीसहून अधिक वर्षे ते स्वस्थ बसले नाहीत. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची घडी बसवली आणि १९३४ साली देशाच्या आर्थिक नियोजनावर पुस्तक लिहिले. तसे नियोजन स्वतंत्र भारतात येण्यास अजून बरीच वर्षे होती. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. ज्या तलावावर त्यांनी तरुणपणी दारे बसवली तो असा रिता झालेला त्यांच्या हयातीतच घडला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, बंगलोर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या तालुक्याकडे नीरेचे पाणी आले ते उजव्या कालव्याने. भाटघरला नवे मोठे धरण १९२० च्या दशकाच्या अखेरीस झाले आणि त्यानंतर हा कालवा फलटण, माळशिरसकडे वाहू लागला. १९३० च्या दशकात माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभारला आणि पुढे अकलूजकडची सहकारी कारखानदारी आली. नीरेकाठी पाडेगावला १९३२ पासून उसाचे संशोधन चालते. ह्या पाण्याने घरांना पक्क्या भिंती आल्या, मुले शाळेत गेली, हे कोणी नाकारू नये. परंतु १९७२ च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या आयाबहिणी आपल्यात आहेत आणि त्यांना हेही ठाऊक आहे की कालव्याच्या वरच्या बाजूचे गाव आणि शिंगणापूरच्या डोंगराकडचे गाव ह्यांचे नशीब एक नसते. कोठे उसात पाणी तुंबते, तर कोठे टँकरची वाट पाहावी लागते. विश्वेश्वरय्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी नीरेकाठी जो प्रश्न सोडवावयास घेतला तो अजून पुरता सुटलेला नाही.

तो सोडवावयास शिकलेली माणसे लागतील, आणि ती केवळ मुलगेच असावीत असे कोठे लिहिलेले नाही. विश्वेश्वरय्यांच्या पुण्यातल्या वर्गात एकही मुलगी नव्हती. आपल्या देशात इंजिनियर झालेल्या पहिल्या स्त्रिया १९४० च्या दशकात मद्रासच्या गिंडी कॉलेजातून बाहेर पडल्या. आज चित्र पालटले आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात मृद आणि जलसंधारणाचे शिक्षण मिळते. भूगर्भशास्त्र, वनशास्त्र, पर्यावरणशास्त्र ह्यांचे वर्ग मुलींना खुले आहेत. तरीही दहावी-बारावी झालेल्या हुशार मुलीने माती-पाण्याचा अभ्यास करीन म्हटले, की शेताच्या बांधावर फिरण्यासाठी कशाला शिकावयाचे, असे घरातूनच विचारले जाते.

भगिनींनो, वास्तविक पाण्याचा सर्वांत जुना हिशेब आपल्याकडेच आहे. कोणत्या महिन्यात आड किती उतरतो, कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजवते आणि कोणत्या विहिरीचे शिजवत नाही, एका हंड्यात घर कसे भागवावयाचे, हे घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जाणले. त्या जाणिवेला कॉलेजातल्या मोजमापाची जोड मिळाली तर आपल्या मुली ह्या तालुक्याचे फार मोठे काम करतील. विधवा वेंकटलक्ष्मम्मांनी मुलाचे शिक्षण अडवले नाही, म्हणून अर्ध्या दख्खनला पाण्याची नवी व्यवस्था मिळाली. आपल्या मंडळाने पुढच्या वर्षी एवढे एक काम अंगावर घ्यावे: ज्या घरी माती, पाणी किंवा रान ह्यांचे शास्त्र शिकू इच्छिणारी मुलगी असेल, त्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांशी बोलावे, प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची माहिती मिळवून द्यावी आणि तिला एस. टी.त बसवून देईपर्यंत पाठीशी उभे राहावे.